मंगलचा विक्रम मोडला तेव्हा

फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर मुलींसाठी फक्कीनं रेषा आखत होते. पलीकडून मंगलचे मिस्टर एवढंच म्हणाले, "शोभाताई, मंगल गेली." चार दिवसांचा ताप... आणि संपलं. त्याला आता सहा आठवडे झाले. बारामतीहून तिचं वालचंदनगर काही लांब नाही. तरी तिला भेटून वर्ष उलटलं होतं, हे मातीला गेले तेव्हा ध्यानात आलं.

ती कन्हेरीची, मी पिंपळीची. शाळेच्या रिलेत तिसरी मी धावायचे, शेवटची ती. बॅटन तिच्या हातात दिली की मला फक्त बघत राहायचं असायचं. अकरावीत तिनं दोनशे मीटरचा शालेय राज्य विक्रम केला आणि गावानं तिला जीपमधून मिरवलं. पेपरात फोटो आला, त्या फोटोवरून स्थळ आलं. लग्नानंतर वर्षभरात सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मंगल अडकली ती अडकलीच. नवरा शिफ्टला, घरात तिसरं कुणी नाही. दळण आणायला गेली तरी जीव घराकडे. सव्वीस जानेवारीला मात्र दरवर्षी कुणीतरी तिला खुर्चीवर बसवून शाल द्यायचं. एकदा गळ्यात हार असतानाच ती माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यांना वाटतं मी अजून पळती. मी न्हाणीपातुर बी चालतच जाती गं."

गेल्या वर्षी राज्य स्पर्धा बारामतीत भरल्या. माझ्या हाताखालची ऋतुजा मंगलचा विक्रम मोडणार, हे सरावातच दिसत होतं. मी मंगलला ये म्हटलं. "आत्यांना कुणावर टाकू?" ती म्हणाली; सासूबाईंना ती आत्या म्हणायची. मग शर्यतीच्या वेळी मी फोन लावून हात उंच धरला. बंदुकीचा बार, पोरींचा आरडाओरडा, माइकवर पुकारलेली वेळ, सगळं तिनं क्वार्टरमध्ये बसून ऐकलं.

"मोडला?"

"मोडला गं."

मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "बरं झालं. सुटली मी." मी हसले. कशातनं सुटलीस, हे विचारायला हवं होतं... विचारलं नाही.

गेल्या रविवारी क्वार्टरवर गेले. सासूबाई खाटेवर होत्या, त्यांचं बघायला मंगलची नणंद आली होती. चारच्या सुमाराला सासूबाईंनी चांगला हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर जोरात आपटला. मी दचकले.

"रोज ह्या वक्ताला असंच करत्यात," नणंद म्हणाली.

सासूबाईंची जीभ जड झालीय, पण बोलणं कळत होतं. "इक्रम मोडला त्या दिसापासनं पळायला लागली ती. म्हणायची, आत्या, बार तुमी उडवा. मी हात आपटला की सुटायची. दारापासनं सैपाकघराच्या भिंतीपातुर."

मी उठून पाहिलं. दहा-बारा पावलांची जागा. एवढ्यात वेग घेतला की थांबायला जागाच उरत नाही. भिंतीवर छातीच्या उंचीला तळव्यांचे मळकट डाग होते, डाव्या-उजव्या हाताचे, एकावर एक, किती ते मोजता येईनात. मी त्यांच्यावर तळवे टेकले. मागे सासूबाईंनी पुन्हा दांडीवर हात आपटला.