बिस्किटांच्या डब्यातलं पेन

मामीचा फोन आला तेव्हा मी कुकटपल्लीच्या आमच्या समुदाय न्याय केंद्रात फोटोसाठी उभी होते. दोन शेजाऱ्यांचे हात एकमेकांच्या हातात कोंबलेले, मध्ये मी, आणि फोटोवाला ओरडत होता, “मॅडम, जरा हँसो!” मी हसले. तेवढ्यात मामी म्हणाली, “मामा गेले गं…” त्या फोटोत माझं ते हसू अजून तसंच आहे. केंद्राच्या भिंतीवर लावलाय तो. बघितला की शिसारी येते.

गंगाधरमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नांदेडकडून आमची माणसं हैदराबादेत आली, त्यात नोकरीला चिकटलेले पहिले तेच. उभा जन्म कोर्टात कारकुनी केली. “कोर्टात सगळे बोलतात गं, फक्त ज्याचं दुखतं तो सोडून,” असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर गौलीगुड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, दर रविवारी सकाळी सतरंजी टाकून बसायला लागले. गल्लीतली भांडणं तिथं यायची. नियम एकच. ज्यानं वाईट केलं त्यानं आधी समोरच्याची हकिकत सांगायची, स्वतःची नाही. आणि समोरचा “हौ, असंच झालं” म्हणेपर्यंत सांगत राहायचं. तोवर घरात कागद दिसायचा नाही. पेन तर उस्मानिया बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, कपाटावर. मी एकदा विचारलं, पेनानं काय घोडं मारलंय? तर म्हणाले, “पेन दिसलं की माणूस बोलायचं सोडतो. सही कुठं करायची, एवढंच विचारतो.”

अफझलगंजच्या एका दुकानदारानं म्हाताऱ्या हमालाला कानफटात मारली होती, ते भांडण मिटताना मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या रविवारी शेठ म्हणाला, जरा हात लागला. हमाल म्हणाला, नक्को. दुसऱ्या रविवारी शेठ म्हणाला, रागात मारलं. तरी नक्को. तिसऱ्या रविवारी शेठची मान खाली गेली आणि तो म्हणाला, “तेरे जमाई के सामने मारा मैं.” तेव्हा कुठं त्या म्हाताऱ्यानं “हौ” म्हटलं, आणि डोळे पुसले. शेठनंही पुसले. मामा उठले आणि चहा ठेवायला आत गेले.

मग सरकारी योजना आली. लोकांनी लोकांचा न्याय करायचा, कोर्टाबाहेर, जखम भरून काढणारा न्याय… मी वकील, केंद्रात माझी नेमणूक झाली, आणि मीच मामांना सदस्य करून घेतलं. “मामा, तुमची सतरंजी आता देशाच्या न्यायात येतीय!” असं मीच म्हटलं होतं. बिचाऱ्यांनी नवा सदरा शिवला. केंद्रात येऊन पाहतात तर काय, भिंतीवर महिन्याला किती तडजोडी झाल्या त्याचा तक्ता, टेबलावर छापील अर्जांचा गठ्ठा, आणि टेबलाला दोरीनं बांधलेलं पेन. मामा त्या दोरीकडे बघत राहिले.

आणि अनुसयाबाईचं प्रकरण आलं. एका अपार्टमेंटात झाडलोट करणारी बाई, आपल्याच मुलखाची. बांगडी चोरली म्हणून तिथल्या सेक्रेटरीनं तिला भर दुपारी पंपाच्या खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं. बांगडी संध्याकाळी वॉशिंग मशिनमध्ये सापडली. बाईचं मागणं एवढंच, की त्यांनी मला कोंडलं, हे गेटवर, सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडानं म्हणावं. केंद्राच्या आमच्या साहेबांनी तिला अर्ध्या तासात सेक्रेटरीकडून साडी आणि मिठाईचा डबा देववला. मसुदा मी लिहिला: ‘गैरसमजातून घडलेला प्रकार, उभयपक्षी तक्रार नाही.’ दोघांच्या सह्या झाल्यावर मामांनी तो वाचला आणि तोंड असं केलं, जसं नासलेलं दूध तोंडात गेलंय. “कुलूप गैरसमजानं लावलं का गं? हे मिटवणं नाही, बुजवणं हाय. थू!” सही न करता निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव यादीतून काढलं गेलं. मी तोंडातून ब्र काढला नाही. नोकरी होती ना…

जायच्या आठवडाभर आधी भेटले तेव्हा मामा झोपूनच होते. म्हणाले, “त्या बाईचं एकदा ऐकून घे. कागद नको नेऊस.” मी म्हटलं, जाते उद्या. गेले नाही.

मामांच्या दारातल्या शोकसभेला केंद्राची माणसं फ्लेक्स घेऊन आली, त्यावर ‘तडजोडीचे शिल्पकार’. ज्या माणसाला यांनी हाकललं त्याचा फोटो, आणि खाली साहेबांचा त्याहून मोठा! बुद्धवंदना झाली नाही तोच तो सेक्रेटरी माइकपाशी गेला. गंगाधरसरांनी आमचा किरकोळ गैरसमज कसा प्रेमानं मिटवला, ते सांगायला लागला. माझाच शब्द, त्याच्या तोंडात. त्याची किळस आली, साहेबांची आली, पण सगळ्यात जास्त माझी मला. मागे चपलांपाशी अनुसयाबाई उभी होती, हातात एकच मेणबत्ती.

सगळे पांगल्यावर मी तिला पुढच्या खोलीत नेलं. सतरंजी टाकली. म्हटलं, तुम्ही सांगा, मग मी सांगते. तिनं सांगितलं. मी म्हटलं, “तुम्हाला पंपाच्या खोलीत कोंडलं. अंधार होता, मोटार सुरू होती, तुमची हाक कुणाला ऐकू गेली नाही.” ती म्हणाली, “नाही.” मी म्हटलं, “तुम्ही दार वाजवून वाजवून हात सुजवून घेतलेत.” “नाही मॅडम… त्याच्या म्होरलं. तुमचं.” मी म्हटलं, “सही करताना तुमचा हात थांबला होता. ते मला दिसलं. तरी मी कागदावर बोट ठेवून म्हटलं, इथं करा.” बाई म्हणाली, “हौ. असंच झालं. आता त्यांना बोलवा.”

परवा मी सेक्रेटरीला फोन केला. येत्या रविवारी गौलीगुड्याला या, अनुसयाबाई येणार आहेत, म्हटलं. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “आता हूं ना मॅडम. साइन किधर करना?”

डबा कपाटावरच आहे. मी तो खाली काढणार नाही.