झेरॉक्सबाईंचा शिक्का

"मूळ कुठाय, बाई? मूळ दाखवा!"

"साहेब, तिसऱ्यांदा सांगतेय. याला मूळ नसतं."

"मूळ नसतं? मग हा शिक्का कशाला मारलात? 'सत्यप्रत' म्हणे! मूळच नाही तर सत्य कशाचं, डोंबलाचं?"

"आवाज कमी करा. गिऱ्हाइकं उभी आहेत."

"असू देत. त्यांनाही कळू दे तुम्ही काय फुकट वाटता ते."

काउंटरच्या आत माझी आत्या, बाहेर कचेरीचे हेडक्लार्क, आणि दोघांच्या मध्ये कागदी पाकिटातल्या अकरा सीडी. मी आत्याच्या मागे स्टुलावर बसले होते आणि मनातल्या मनात तिलाच सांगत होते, बाई गं, गप्प बस. कारण ही जिन्याखालची जागा कचेरीची. बावीस वर्षं आत्याचं झेरॉक्स मशीन तिथे चाललं ते दरवर्षी हेडक्लार्कच्या 'हरकत नाही' या दोन शब्दांवर. यंदाचे ते दोन शब्द अजून आले नव्हते.

सगळी इमारत तिला झेरॉक्सबाई म्हणते. एक नंबरची संशयी बाई. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. भाजीवाल्याने कोथिंबिरीची काडी फुकट टाकली तरी विचारणार, "शिळी आहे का रे?"

अशा बाईकडे एक दिवस एक प्राध्यापक सीडी घेऊन आले. म्हणाले, चाळीस प्रती काढून द्या.

"चोरीची कामं मी करत नाही," आत्याने ठणकावलं.

"अहो, कव्हर तरी वाचा."

कव्हरवर लिहिलं होतं: प्रत काढा, कुणालाही द्या, आत काय आहे ते उघडून बघा, हवं तर बदला. आत्याने ते दोनदा वाचलं. जन्मभर तिने 'प्रत काढण्यास मनाई' एवढंच वाचलेलं. इथे उलट आग्रह! म्हणजे नक्की कुठेतरी गोम आहे. तिने सीडी ठेवून घेतली आणि दोन महिने शब्दकोश मांडीवर घेऊन, ही सूट देणारा सोबतचा इंग्रजी परवाना ओळ न् ओळ वाचला. गोम काही सापडली नाही. त्यामुळे संशय आणखीच वाढला.

तिला पटली ती शेवटी एकच गोष्ट. ज्यांनी हे बनवलं त्यांनी आपल्या वेबसाइटच्या पानावर एक बत्तीस अक्षरा-आकड्यांची ओळ देऊन ठेवली होती. आपल्या हातातल्या सीडीवरून संगणकाने तीच ओळ काढायची आणि ताडून बघायची. आत एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं असलं तरी ओळ जुळत नाही.

"हे बरंय," आत्या मला म्हणाली होती. "यात कुणी 'माझ्यावर विश्वास ठेव' म्हणत नाही. बघ म्हणतात, बघून घे."

तेव्हापासून ती सीडी भरून वाटू लागली. जुना संगणक अडगळीत टाकलेल्यांना, घरी इंटरनेट धड चालत नाही अशांना. अख्खा संगणक चालवणारी व्यवस्था, पत्रं लिहायची सोय, तक्ते, सगळं त्या एका चकतीत. प्रत्येक सीडी ती वहीत उतरवून घेतलेल्या ओळीशी स्वतः ताडायची. ओळ जुळली की मगच शिक्का. आणि तिथेच तिची चूक झाली. बावीस वर्षं तिने झेरॉक्स काढून वर कचेरीत पाठवल्या आणि त्या 'सत्यप्रत' होऊन खाली आल्या. तिच्या लेखी जुळलेल्या प्रतीला दुसरं नावच नव्हतं. तिने तेवढ्या एका शब्दाचा शिक्का करून घेतला. तो मारायला हुद्दा लागतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

इमारतीला मात्र वास आला. फुकट देते, म्हणजे काहीतरी काढून घेत असणार. कुणी म्हणालं, ही सीडी घरातले फोटो पळवते. एका पेन्शनर आजोबांनी ती दोन दिवस उन्हात वाळत घातली, व्हायरस मरावेत म्हणून. खोटं कशाला बोलू, एकदा मीही आत्याचा खण उघडून पाहिला होता. कोऱ्या सीडी आणि शाईचा पॅड. आत्या मागेच उभी होती.

"खालचाही बघ," ती म्हणाली. "संशय अर्धवट घेऊ नये."

मग कुणीतरी वर तक्रार केली. तीन महिने चौकशी चालली, आणि आज हेडक्लार्क स्वतः खाली उतरले होते.

"चला, ताडून बघू," आत्या म्हणाली.

"ताडायचं कशाशी? तुमच्या वहीशी? वही तुमची, आकडा तुमचा!"

"वही नकोच. तुमच्या मोबाइलवर त्यांचं पान तुम्हीच उघडा. मी हात लावत नाही. यातली कुठलीही सीडी तुम्हीच निवडा."

हेडक्लार्कनी मधली एक उपसली, मग काय वाटलं कोण जाणे, ती ठेवून तळातली काढली. आत्याने ती संगणकात घातली. थोड्या वेळाने पडद्यावर ओळ उमटली. रांगेतली माणसं आपापले कागद विसरून पुढे सरकली.

"मोबाइलवरची वाचा," आत्या म्हणाली.

"तीन. नऊ. सी. शून्य."

"जुळलं."

"सात. आठ..."

"माझ्याकडे बी आहे."

हेडक्लार्कचा चेहरा उजळला. "पकडलं! बघा, पकडलं की नाही?"

"साहेब, चष्मा लावता का?"

त्यांनी चष्मा लावला. मोबाइल जवळ नेला, लांब नेला. "...बी," ते पुटपुटले.

बत्तीसच्या बत्तीस जुळली. त्यांनी ओळ शेवटाकडून पुन्हा ताडायला लावली. तशीही जुळली.

"झालं समाधान?" आत्याने विचारलं.

"नाही. उलट आता जास्तच संशय येतोय."

"आता काय?"

"बाई, उभी नोकरी सत्यप्रती करण्यात गेली माझी. इतकं तंतोतंत जुळलेलं काहीही मी पाहिलेलं नाही. कुठे कोपरा कापलेला असतो, कुठे सही फिकी. माणसाच्या हातचं असं जुळत नाही."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हेडक्लार्क हसले नाहीत. त्यांनी फायलीतून टाइप केलेला कागद काढून काउंटरवर ठेवला आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, मी काही तुमचा वैरी नाही. यावर सही करा. जागेचं 'हरकत नाही' आत्ता, इथेच देतो."

आत्याने कागद वाचला. मी तिच्या खांद्यावरून वाचला. 'मी नकली सीडी खऱ्या म्हणून वाटल्या. यापुढे वाटणार नाही.'

"शिक्का मारला ही माझी चूक. ते लिहून देते, शिक्काही घेऊन जा," आत्या म्हणाली. "पण 'नकली' खोडा. तुमच्या डोळ्यांदेखत जुळलं ना?"

"जुळलं."

"मग?"

"तो शब्द नाही खोडता येणार."

"का?"

"खऱ्याच होत्या तर तीन महिने चौकशी कसली करत होतात, असं वर मलाच विचारतील. आधीच तिथे बोलतात, बाईचा आणि माझा काहीतरी हिशोब आहे म्हणून." त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून कागदावर ठेवलं. "एका शब्दाचा तर प्रश्न आहे. बावीस वर्षांची जागा आहे, बाई. करताय ना सही?"

आत्याने मशीनचं बटण बंद केलं. टेबलाखालच्या चपला पायांनी चाचपून घातल्या, संगणकातली सीडी काढून अकराही पदराखाली घेतल्या, काउंटरची फळी उचलली आणि रांगेतून वाट काढत बाहेर निघून गेली.