नकारघंटा

फिलोमिनाबाईंच्या तोंडून पहिला शब्द 'नाही' हाच यायचा. चहा घेणार का? नाही. खिडकी उघडू का? नाही. दोन मिनिटांनी चहाही घ्यायच्या आणि खिडकीही स्वतः उठून उघडायच्या, पण पहिली सलामी नाहीची. आमच्या फूल उत्पादक सहकारी संस्थेत त्या कॉम्प्युटर सांभाळायला आल्या आणि महिन्याभरात अध्यक्षसाहेबांनी त्यांचं नाव ठेवलं, नकारघंटा. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या भर ऑफिसात म्हणाल्या, "बरं झालं. घंटा निदान ऐकू तरी येते. इथली बाकीची माणसं नुसत्या माना डोलावतात." मी साताऱ्याकडची, ऐकून घेणाऱ्यातली नाही. "माझी मान आहे, मला हवी तशी डोलवीन," असं मी फाडकन सुनावलं. तर बाई हसल्या. "ही टिकेल," म्हणाल्या. तिथून आमचं जमलं.

मी तेव्हा रोज जूचंद्रहून पापडीला येऊन संस्थेचे हिशेब बघायचे. आता सातिवलीच्या एका कारखान्यात आहे. इथे सगळे होयबा. मालक म्हणाले सूर्य पश्चिमेला उगवला, तर हे लगेच छत्री घेऊन त्या बाजूला उभे. असलं काही बघितलं की मला बाई आठवतात आणि माझं डोकं फिरतं.

बाई पापडीच्याच. घरामागे वडिलांची वाडी, सोनचाफ्याची झाडं, विहीर. शिक्षण इंजिनिअरिंगचं. बरीच वर्षं मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळले, वडील अंथरुणाला खिळले तशा घरी परतल्या. आमच्या संस्थेकडे एक वेबसाइट होती. पहाटे दादरच्या बाजारात मोगऱ्याला, कागड्याला, सोनचाफ्याला काय भाव फुटला तो तिच्यावर यायचा, आणि टेम्पोत आपल्या टोपल्यांसाठी जागाही तिथेच धरायची. ही वेबसाइट ज्या सर्व्हरवरून चालायची त्याची सगळी व्यवस्था बाईंकडे. ऐकायला एवढंसं वाटतं. पण त्याआधी काय चालायचं ते वाडीवाल्या बायकांना विचारा. दारात येणारा व्यापारी सांगेल तो भाव. "आज माल फार आलाय काकी, बाजार पडलाय," असं तो म्हणाला की विषय संपला. खरंखोटं करायला दादरला कोण जाणार? वेबसाइट आली आणि व्यापाऱ्यांची बोलती बंद झाली.

सर्व्हरशी बाई अशा बोलायच्या की नवख्याला वाटावं घरात एखादं वांड पोरगं आहे. "काय रे मेल्या, परत भूक लागली?" म्हणजे मेमरी कमी पडली. कंपनीकडून जशीच्या तशी आलेली सेटिंगं त्यांनी कधी ठेवली नाहीत. "आयतं सेटिंग म्हणजे दुसरीच्या मापाचा ब्लाऊज. अंगात जाईल गं, पण हात वर करून बघ." आमच्याकडे पहाटे तोबा गर्दी आणि दुपारी चिटपाखरू नाही. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, कुणाला किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे सगळं त्यांनी त्या पहाटेच्या मापाने बेतलं होतं. त्यातही एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकदा म्हटलं, "अहो, दोन्ही उरकून टाका ना!" तर म्हणाल्या, "एका आमटीत दोन सुनांनी हात घातला आणि आमटी बिघडली, तर सासूने बोलायचं कुणाला?"

त्यांचं प्रत्येक 'नाही' बरोबर असायचं असंही नाही. वेबसाइटवर फुलांचे फोटो टाकायची सूचना आली तेव्हा त्यांनी ती हाणून पाडली. "फूल हातात असताना फोटो कोण बघतंय?" कमिटीने तरी टाकले, आणि बायका खूश! आपल्या वाडीतला सोनचाफा फोनवर दिसतो म्हणून माहेरी दाखवायला लागल्या. बाईंनी सरळ कबूल केलं, "चुकले. पण पुढच्या वेळी विचारलंत तरी आधी नाहीच म्हणणार. होय म्हणायला कारण लागतं." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

आणि लोकांना वाटायचं बाई बदलाच्या विरोधात आहेत. साफ खोटं! सर्व्हर अपग्रेड करा असं पहिल्यांदा म्हणालं कोण, तर ही नकारघंटाच. सर्व्हरवरचा मूळ प्रोग्राम ज्यांनी बनवला, त्यांनी आमच्या जुन्या आवृत्तीची डागडुजी कधीच थांबवली होती. कुडाला भोकं पडत होती आणि बुजवणारं कुणी नव्हतं. दर मीटिंगला बाई सांगायच्या, नवीन आवृत्ती चढवू द्या. दर मीटिंगला अध्यक्ष म्हणायचे, "चालतंय ना? मग चालू द्या." मग कुठल्याशा दुसऱ्या संस्थेची वेबसाइट कुणीतरी बाहेरून बंद पाडल्याचं ऐकलं आणि आमच्या साहेबांना घाम फुटला. "ताबडतोब करा!" बाई म्हणाल्या, "नाही. करणार, पण ताबडतोब नाही."

त्यांची रीत वाडीतली होती. नवा पाट काढला म्हणून जुना लगेच कुणी बुजवत नाही. आधी नव्यातून पाणी सोडायचं, कुठे झिरपतंय, कुठे तुंबतंय ते बघायचं, शेवटच्या झाडाच्या आळ्यात पाणी पोचलं की मग जुन्यावर माती ओढायची. बाईंनी तसंच केलं. जुना सर्व्हर चालू ठेवला आणि दुसऱ्या मशीनवर सगळं नव्याने उभं केलं. ऑफिसातल्या फोनांवर ते झकास दिसत होतं. अध्यक्षांनी मदतीला बोलावलेल्या ठाण्याच्या कंपनीच्या माणसांनी तिथेच टाळ्या पिटल्या. बाई मात्र पहाटे फुलांच्या शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या, आणि टोपली उतरवणाऱ्या प्रत्येकीला म्हणाल्या, "दाखव गं तुझा फोन. हे पान उघड बघू."

आमच्याकडे मुलाने नवा फोन घेतला की जुना आईकडे येतो. काच तडकलेली, पाठीला रबर लावलेलं. अशा फोनांवर नवं पान उघडेचना. नवा सर्व्हर नव्या पद्धतीचं कुलूप मागत होता आणि या म्हाताऱ्या फोनांकडे त्याची किल्लीच नव्हती. रांगेच्या शेवटी हिराकाकी होत्या. नवरा गेल्यावर मोगऱ्याच्या दोन पट्ट्यांवर घर चालवणारी बाई. त्यांनी फोन उलटा केला, सुलटा केला, पदराने पुसला. "बाय, यात भाव नाय दिसत गं. आता असाच रानार का?" बाईंनी काकींच्या फोनाचं नाव तळहातावर लिहून घेतलं.

तोवर अध्यक्षांनी मुहूर्त काढला होता. खंडेनवमीला सर्व्हरची पूजा आणि दसऱ्याला नव्याचं उद्घाटन, तेही आमदारांच्या हस्ते. आता काय बोलायचं! संस्था फुलांची. दसऱ्याला बाजार असा तेजीत की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आणि नेमक्या त्याच दिवशी हे सर्व्हर बदलणार, का, तर साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे म्हणून! हे खूळ फक्त आमच्याच डोक्यात शिरू शकतं.

मीटिंगमध्ये बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो साहेब, दसऱ्याला हत्यारं पुजतात, खोलून नाही बसत. हे मी ख्रिस्ती बाईने तुम्हाला सांगायचं?"

हशा पिकला. अध्यक्ष लाल झाले. जुन्या फोनांचं कळल्यावर तर आणखीच. "तो संस्थेचा प्रश्न नाही. नवे घ्या म्हणावं. जग पुढे चाललंय, बाई."

"जाऊ दे की पुढे. पण हिराकाकीला दलालाच्या दारात उभी करून जाणार असेल, तर माझ्या हाताने जाणार नाही. सगळे पासवर्ड हे इथे टेबलावर ठेवते. ठाणेवाल्यांना सांगा, त्यांनी करावं."

"म्हणजे जुनंच ठेवायचं का?" कमिटीतल्या एकाने विचारलं.

"नाही! नवंच हवं. नावं, टेम्पोची नोंद, बँकेचे नंबर, सगळं नव्या कुलपात. आणि भावाचं एक साधं पान वेगळं, बिनकुलपाचं. त्यात कुणाचं नाव नाही, गाव नाही. नुसता भाव. भाव काय गुपित आहे का? वाचायला किल्ली कशाला?"

ठाण्याचा माणूस म्हणाला, असं आजकाल कुणी करत नाही. "मग आम्ही करू," बाई म्हणाल्या.

माझ्याने राहवेना. मी उभी राहिले आणि सांगितलं, दसऱ्याच्या पहाटे शेडमध्ये त्या बायकांना तोंड मी देणार आहे, आमदार नाही. या कामाच्या बिलावर माझी सही लागते आणि ती मिळणार नाही. अध्यक्ष पाणी प्यायले आणि विषय दिवाळीनंतर घेऊ म्हणाले.

दसरा जुन्या सर्व्हरवर पार पडला. पूजा झाली, हार घातला, हळदकुंकू वाहायला मी होतेच. दिवाळी संपली, बाजार मरगळला, आणि अशाच एका सकाळी टेम्पो गेल्यावर बाईंनी जुनं बंद करून नवं सुरू केलं. कुणाला पत्ताही लागला नाही. मी म्हटलं, "निदान पेढे तरी?" "कुणाला कळलं नाही ना? हेच पेढे." भावाचं साधं पान मात्र सगळ्यांना कळलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बाकी काही नाही, आणि कसलाही फोन असो, उघडणार म्हणजे उघडणार. हिराकाकींच्या दारात व्यापारी म्हणाला, "काकी, बाजार पडलाय." काकी म्हणाल्या, "तुज्या घरात पडला असंल. माज्या फोनात उभा हाय." हे वाक्य आठवडाभर पापडीत फिरत होतं.

मार्चमध्ये बाईंचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही. सर्व्हर ठाण्याच्या कंपनीकडे. कारण बचतीचं सांगितलं, खरं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंनी कपाटातून आपला कप काढून पिशवीत ठेवला. "रडू नकोस," मला म्हणाल्या. "मी रडत नाहीये, चिडलेय!" "मग हरकत नाही. चिड." आणि एवढं होऊनही ठाण्याच्या माणसाला त्यांनी सर्व्हरची नस न् नस समजावून सांगितली, काही हातचं राखलं नाही. मला ते मुळीच पटलं नाही. "सर्व्हरने काय घोडं मारलंय?" म्हणाल्या आणि गेल्या. खरं सांगते, ऑफिस सुनं झालं. नाही म्हणणारं कुणी उरलं नाही की होय म्हणण्यातही काही राम राहत नाही.

बाई गेल्यावर काही महिन्यांनी वार्षिक सभेसमोर ठराव आला. भावाचं साधं पान बंद करावं, देखभालीचा व्याप नको. सभेच्या दिवशी हॉल भरला, आणि पहिल्या रांगेत, मधोमध, फिलोमिनाबाई. हातापायाला वाडीतली माती, डोळ्यांवर ऑफिसातला तोच चष्मा.

अध्यक्ष थबकले. "बाई, ही सभासदांची सभा आहे. तुमचा इथे काय संबंध? नोकरी संपली तुमची."

"नोकरी संपली. वाडी नाही संपली. वडील गेले, वाडी माझ्याकडे आली, त्यांचं सभासदत्व माझ्याकडे आलं. तुमच्याच कमिटीने मंजूर केलंय."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "खरं आहे साहेब," मी म्हटलं. त्या नोकरीत याहून गोड वाक्य मी दुसरं बोलले नाही. बाई आता फुलांत रमल्या, डोक्याला ताप नाही, या आनंदात कमिटीने तो अर्ज न वाचताच पास केला होता.

बाई उठल्या, सभेकडे वळल्या. "ठराव मताला टाका. हात वर करून. ज्यांना व्यापाऱ्याच्या तोंडून भाव ऐकायचाय त्यांनी बाजूने, ज्यांना स्वतःच्या फोनात बघायचाय त्यांनी विरोधात."

विरोधात पहिला हात हिराकाकींचा वर गेला. मग मागच्या रांगा. मग ज्यांचे फोन नवेकोरे होते तेही, कारण शेजारीण काय म्हणेल! ठराव पडला.

माणसं उठायला लागली तेव्हा अध्यक्ष रुमालाने मान पुसत बाईंजवळ आले. माणूस तसा वाईट नव्हता, नुसता हैराण झाला होता. "कमाल आहे बाई तुमची," म्हणाले. "कामावरून काढलं तरी तुम्ही काही जाईनात."

"कामावर होते तेव्हा तुम्ही मला काढू शकत होतात, साहेब," बाई पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. "आता पुढच्या निवडणुकीत मी तुम्हाला काढू शकते."