उष्टा खजूर

घुटी म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्यात मूल जन्मलं की घरातला वडीलधारा माणूस खजूर चावून मऊ करतो आणि बोटानं बाळाला चाटवतो. रीत वाईट नाही. पण त्या दिवशी माझ्या सासऱ्यांच्या खालच्या ओठावर पाणी भरलेले फोड होते, आणि मी काही आंधळी नव्हते!

लोणावळ्याच्या आमच्या दुकानासाठी तांदूळ बघायला ते आंदर मावळात दोन दिवस उन्हातान्हाचे पायी फिरले, तेव्हा ओठ फुटला. सुईण म्हणाली, "कोळी मुतलाय, दुसरं काय न्हाई." कोळी कसला डोंबलाचा! दर उन्हाळ्यात बरोबर त्याच जागी मुतायला तो काय मुक्कामाला होता? लग्नाआधी माझ्याही ओठावर असेच फोड आले होते आणि मी धाकट्या भावाचे मुके घेत सुटले होते. चार-पाच दिवसांत त्याचं तोंड आतून सोलून निघालं, घोटभर पाणी गिळवेना. पुढं ताप आला की त्याचाही ओठ फुटायचा. विषाणू हा शब्द मला फार उशिरा एका डॉक्टरांकडून कळला. एकदा शिरला की जन्मभर अंगात दबा धरून बसतो म्हणाले, आणि तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की हे तोंडातून तोंडात जातं.

सासरे खजूर चावत दाराशी आले. मी बाळाला पदराखाली घेतलं.

"अब्बा, फोड सुकेपर्यंत घुटी नाही."

"तू मला शिकवणार?"

"हो, शिकवणार! माझ्या भावाचं तोंड यानंच सोललं. तो मोठा होता म्हणून वाचला. हे एका दिवसाचं आहे."

नणंदेनं कपाळावर हात मारून घेतला. नवरा खाली मान घालून उभा. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सासूबाई तरातरा माझ्याकडे आल्या. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तरी मी बाळ सोडणार नव्हते.

"मूल दूध सोडतं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सोडणारच. भावाला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, अंगही तापलं होतं."

सासूबाईंचा पहिला मुलगा बाराव्या दिवशी गेला होता. घरात सगळे म्हणायचे, नजर लागली. उभ्या जन्मात नवऱ्यापुढं आवाज न चढवलेली ती बाई त्यांच्याकडे वळली.

"त्याला घुटी दिलीत, तेव्हाही तुमचा ओठ असाच फुटला होता. मी बघितलं होतं."

सासरे अंगणात गेले. तोंडातला खजूर थुंकून त्यांनी चूळ भरली, मग पुन्हा भरली, मग पुन्हा.