तीन दिवसांचं औषध, एका घोटात

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी माहेरी जातात आणि मागोमाग जावई जेवायला पोचतात. त्या वर्षी बायको एकोडीला माहेरी पुढे गेली, आणि आठवड्यापूर्वी व्यालेली गाय माझ्या हवाली केली. ही गाय तिने कालवड असल्यापासून वाढवलेली. जाताना मला एकदा म्हणाली, "मागून येजा," आणि गायीला तीनदा म्हणाली, "येतो हं बाई."

ती गेली आणि गायीने ढेप, म्हणजे पेंड, सोडली. नुसतं तणस, भाताचा पेंढा, चघळायची, दूध निम्म्यावर आलं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, व्याल्यावर सगळी ताकद दुधात जाते, अंगातली साखर कमी पडते. त्यांनी ग्लिसरीनची मोठी बाटली दिली. "थोडं थोडं, पाण्यात मिसळून. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. एकदम नाही द्यायचं." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

घरी येऊन मी बोट बुडवून चाखलं. गोड, अगदी सरबत! कडू औषधाला मी वचकतो. पण गोड वस्तू कुणाचं काय बिघडवणार? शिवाय तीन दिवस थांबलो तर मंडई संपली, सासूबाईंचे वडे संपले. मग मी डोकं चालवलं, आणि ते चाललं की काहीतरी पडतंच. सहा वेळचं औषध मी एकाच वेळी पाजलं. पाणी घातलं नाही, कारण तेवढंच जास्त पाजावं लागलं असतं. बांबूची नळी गायीच्या तोंडात धरून बाटली रिकामी केली आणि इस्त्रीचा सदरा चढवला.

बस यायच्या आत गाय डुलायला लागली. पाय एकीकडे, अंग दुसरीकडे. घडीघडी मुतत होती, शेण पातळ पाणी. मी शिंग धरून उभा. गाय मला धरून होती की मी गायीला, सांगता येत नाही. तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल.

"गाय दाखवा."

मी फक्त शिंगं दाखवली.

"अख्खी दाखवा ना जी!"

दाखवली.

"हे काहून हालून राहिली?"

"गाय नाही हालत. नेटवर्क हालून राहिलं."

"मंग मागचा गोठा काहून नाही हालत?"

मी सगळं कबूल केलं. पलीकडे मंडईचा भोंगा वाजत होता. मग ती म्हणाली, "डॉक्टरले फोन लावा. मी निघाली." आवाज रडवेला होता. माझं हसू तिथेच संपलं.

डॉक्टर आले. रिकामी बाटली पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "कैरीले मीठ लावलं का पाणी सुटते ना? तुमी गायीचं लोणचं घालून राहिले! औषध चांगलंच आहे भाऊ, पण निखळ आन् एकदम पाजलं का अंगातलं पाणी ओढते. ते मेंदूले झोंबते."

त्यांनी सलाईन लावलं. खाली तणसाची जाड गादी करवली, पडली तर लागू नये म्हणून. स्वच्छ पाणी तोंडाजवळ ठेवा, पिईल तेवढं पिऊ द्या, म्हणाले. नळी मात्र अजिबात नाही, अशा गायीच्या छातीत औषध उतरलं तर दुसरंच संकट. मी बादली धरली. गायीने तोंड फिरवलं. तिचं बरोबरच होतं.

दुपारच्या बसने बायको आली. मंडईची साडी तशीच, ती तणसात बसली आणि तीच बादली पुढे केली. गायीने अर्धी रिकामी केली. दिवस मावळेस्तोवर डुलणं थांबलं. दुसऱ्या सकाळी गायीने ढेपीच्या घमेल्यात तोंड घातलं, तेव्हा बायकोने पदराने डोळे पुसले.

डॉक्टर नवी बाटली घेऊन पाहायला आले, तर ती म्हणाली, "आता औषध मले समजावून सांगा. ह्यायले सांगून फायदा नाही." राहिलेले दिवस थोडं थोडं औषध, भरपूर पाण्यात, तिनेच दिलं. माझ्याकडे शेण उचलण्याचं खातं आलं.

मग सासूबाईंचा फोन. जावई काहून नाही आले? बायको म्हणाली,

"गाय बिमार होती, माय. हे तिच्यापाशीच बसून होते."

फोन ठेवल्यावर मी बारीक आवाजात म्हणालो, "झाकलं तू."

"गाय ढेप खाऊन राहिली म्हणून झाकलं," ती म्हणाली. "नाहीतर मंडईच्या भोंग्यावरून सांगतलं असतं."