कुंपणावरची रोपं

मुलगा कुबात वारल्यापासून बुरूलआपा उन्हाळाभर अंगणातल्या दगडी कुंपणाशी बसायची. तांबड्या ठिपक्यांचं पांढरं फुलपाखरू दिसलं की म्हणायची, "आला गं माझा कुबात!"

यंदा ते फिरकलंच नाही.

"रुसलाय माझ्यावर," ती सुनेला म्हणाली. "शेवटचं बोलले ते रागावूनच."

सुनेने, आयिमकानने, चहाची किटली खाली ठेवली. पाहुणे येणार म्हणून वसंतात कुंपण साफ करताना तिनेच कुंपणाच्या फटींतली जाड पानांची रोपं उपटून शेळ्यांना घातली होती. त्या पानांवर काळ्या अळ्या होत्या. त्यांचीच पुढे ही फुलपाखरं होतात, हे तिला ठाऊक होतं.

"आपा, तो रुसला नाही. त्याची रोपं मीच उपटली."

"नवऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतलास?"

चहा तसाच ठेवून आयिमकान कुंपणात परत लावायला तशीच रोपं शोधत डोंगराकडे निघाली.