नेसबी, सोळा मिनिटं

आस्बियर्ग हाउगेन एकतीस वर्षं स्टाल्विकच्या विमानतळावर होती. नॉर्वेच्या पार उत्तर टोकाची ती आखूड धावपट्टी. प्रवाशांची तिकिटं तीच तपासायची, बॅगा तीच चढवायची आणि विमान उतरताना आगीच्या बंबावरही तीच उभी असायची. मोठ्या इस्पितळाच्या शहराला, ट्रोम्सोला, किती वेळ लागेल असं कुणी विचारलं, की ती आधी खिडकीबाहेर बघायची आणि मग सांगायची. वेळापत्रक चुकायचं, बाई नाही.

मार्चमध्ये राजधानीतून हेनिंग नावाचा अधिकारी आला. शेजारचा नेसबी विमानतळ बासष्ट किलोमीटरवर, उड्डाण सोळा मिनिटांचं. मग स्टाल्विक हवाच कशाला, असा त्याचा हिशेब.

"सोळा मिनिटं विमानाला लागतात, साहेब. हे बंद केल्यावर लोकांनी काय पंख लावून जायचं?"

"रस्ता आहे की."

"आहे ना," आस्बियर्ग म्हणाली. तिचं हे 'आहे ना' गावाला माहीत होतं, हेनिंगला नव्हतं.

तो परत निघाला त्या सकाळी धावपट्टीवर ओला बर्फ साचला होता. वैमानिकाने निरोप दिला, एवढ्याशा पट्टीवर या बर्फातून इतकं वजन उचलणार नाही, एक प्रवासी उतरवा. प्रवाशांत एडविन होता, एकोणऐंशी वर्षांचा मासेमार. त्याचा एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्याचं ऑपरेशन दुपारी एकला ट्रोम्सोत होतं. आठ महिने थांबून मिळालेली तारीख, चुकली तर पुन्हा रांगेत शेवटी.

"आजोबांना गाडीने नेसबीला पाठवा. संध्याकाळचं विमान मिळेल," हेनिंग हळूच म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत डॉक्टरला काय झोपवून ठेवू? तुम्हीच जा की गाडीने. सोळा मिनिटांचं तर अंतर."

सगळे हसले. हेनिंग कानापर्यंत लाल झाला. पण माणूस वाईट नव्हता; स्वतःची बॅग स्वतःच उतरवून घेतली.

संध्याकाळी पाचला त्याचा फोन आला. "नेसबीच्या वाटेवरच्या घाटाच्या फाटकाशीच आहे अजून. बर्फ काढणारी गाडी पुढे असल्याशिवाय सोडत नाहीत म्हणे. ती कधी येणार?"

"वारा पडला की."

"आणि वारा कधी पडेल?"

आस्बियर्गने खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या पहाटे. गाडीत घोंगडी आहे ना?"

"आहे." मग त्यानेच विचारलं, "त्या आजोबांचं काय झालं?"

"झालं ऑपरेशन. जेवून झोपलेत."

मे महिन्यात राजधानीहून पत्र आलं. आस्बियर्गने ते फोडलं, पण वाचलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला धीर होईना. तिने एडविनला बोलावून कागद त्याच्या हातात दिला.

एडविनने तो नाकाला न चिकटवता, चांगला हातभर लांब धरला. "नेसबीपर्यंत उड्डाण सोळा मिनिटं," तो सावकाश वाचू लागला, "रस्त्याने, स्वानुभवानुसार, एकवीस तास. स्टाल्विक विमानतळ सुरू ठेवावा."

आस्बियर्ग ढसाढसा रडायला लागली.

"रडतेस काय गं," एडविन म्हणाला, "खाली आणखी बारीक अक्षरात आहे, तेही वाचतो. थांब."